डार्क वेब : अंधार किती आणि अफवा किती?

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर वसतिगृह पुन्हा भरू लागले, त्या आठवड्यातील ही गोष्ट. नववीतील एका विद्यार्थिनीचे वडील तिला सोडायला आले होते. यंत्रमागावर पाळी करणारे हे गृहस्थ एरवी बोलके. त्या दिवशी मात्र कार्यालयाच्या दारात बराच वेळ गप्प उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "सर, पोरीला कॉम्प्युटरच्या वर्गातनं काढा. ते डार्क वेब का काय म्हणत्यात, तिथं तिचं आधार कार्ड सापडलंय म्हणं."

विचारपूस केल्यावर हकीकत उलगडली. त्यांना एक दूरध्वनी आला होता. पलीकडचा माणूस स्वतःला पोलीस अधिकारी म्हणवत होता. मुलीच्या आधार क्रमांकावरून डार्क वेबवर अमली पदार्थांचे पार्सल मागवले गेले आहे, सर्वांना 'डिजिटल अरेस्ट' झाली आहे, चौकशी पूर्ण होईपर्यंत कोणाशी बोलू नका, अशी धमकी त्याने दिली. या बापाने दिवाळीचा बोनस आणि बचतगटातून उचललेली रक्कम त्याच्या खात्यावर पाठवली आणि तीन दिवस घरातही तोंड उघडले नाही. निघताना त्यांनी विचारले, "ते डार्क वेब म्हंजे नेमकं काय हो सर?"

आम्ही उत्तर दिले. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर आमच्याही उत्तरात निम्मी माहिती आणि निम्मी ऐकीव गोष्ट होती. शिक्षकांच्या खोलीत त्या संध्याकाळी हा विषय निघाला, तेव्हा प्रत्येकाने वेगळेच काही सांगितले. भामट्याचे भांडवल हेच अर्धवट ज्ञान आहे, हे त्या दिवशी आम्हाला उमगले. त्यानंतर आम्ही या विषयाचा जो अभ्यास केला, तो या स्मरणिकेच्या निमित्ताने पालक, माजी विद्यार्थी आणि धम्मबांधव यांच्यापुढे ठेवत आहोत.

तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. केवळ परंपरेने चालत आले, लोक म्हणतात किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून एखादी गोष्ट स्वीकारू नये. ती स्वतः तपासावी, हे त्याचे सार. हीच कसोटी आपण येथे वापरू.

इंटरनेटचे तीन भाग

नवी पेठेतून आपण फिरतो, तेव्हा दुकानांच्या पाट्या दिसतात आणि कोणीही आत जाऊ शकतो. गूगलसारख्या शोधयंत्रावर नाव टाकताच जी संकेतस्थळे समोर येतात, ती अशी पाटी लावलेली दुकाने होत. वृत्तपत्रे, विश्वकोश, सरकारी विभागांची मुखपृष्ठे ही सारी या खुल्या भागात मोडतात.

पण प्रत्येक दुकानामागे गोदाम असते, हिशेबाच्या वह्या असतात, कुलूपबंद कपाट असते. रस्त्यावरून ते दिसत नाही; दिसूही नये. आपले बँक खाते, ईमेल, डिजिलॉकरमधील गुणपत्रिका, रुग्णालयातील तपासणीचे अहवाल, शाळेने शासनाच्या प्रणालीत भरलेली विद्यार्थ्यांची माहिती हे सर्व इंटरनेटवरच असते. परंतु शोधयंत्राला तेथे प्रवेश नसतो. याला 'डीप वेब' म्हणतात. आपण रोज त्यात ये-जा करतो. पासवर्ड टाकून बँकेची शिल्लक पाहणारा प्रत्येक जण डीप वेबमध्येच असतो.

तिसरा भाग डार्क वेब. ही अशी घरे की ज्यांना पाटी नाही, ज्यांचा पत्ता नकाशावर नाही आणि जेथे जाण्यासाठी वेगळी वाट घ्यावी लागते. नेहमीच्या ब्राउझरमधून ही संकेतस्थळे उघडत नाहीत. त्यासाठी विशिष्ट सॉफ्टवेअर लागते. त्यांत 'टॉर' हे सर्वांत प्रसिद्ध. या जाळ्यातील पत्त्यांच्या शेवटी 'डॉट कॉम' नव्हे, तर 'डॉट ऑनियन' असते. ऑनियन म्हणजे कांदा. सोलापूरच्या बाजार समितीला कांदा नवा नाही. तेव्हा हे नाव का पडले, तेही पाहू.

कांद्याचे पापुद्रे

समजा, आपल्याला एक पत्र पाठवायचे आहे; पण ते कोणी कोणाला पाठवले, हे वाटेत कोणालाही कळू द्यायचे नाही. आपण पत्र एका पाकिटात घालतो, ते पाकीट दुसऱ्यात आणि दुसरे तिसऱ्यात. बाहेरच्या पाकिटावर बार्शीच्या माणसाचा पत्ता आहे. तो पाकीट फोडतो. आत पंढरपूरच्या माणसाचा पत्ता असलेले पाकीट निघते, ते तो पुढे पाठवतो. पंढरपूरचा माणूस आपले पाकीट फोडतो आणि आतले अक्कलकोटच्या माणसाकडे धाडतो. अक्कलकोटचा माणूस शेवटचे पाकीट फोडून पत्र इच्छित स्थळी पोहोचवतो. बार्शीकराला पाठवणारा ठाऊक आहे, पण अखेरचे ठिकाण ठाऊक नाही. अक्कलकोटकराला ठिकाण ठाऊक आहे, पण पाठवणारा ठाऊक नाही. मधल्याला दोन्ही ठाऊक नाही.

टॉरचे तंत्र हेच आहे. माहितीभोवती कूटलेखनाचे थर चढवले जातात आणि जगभर विखुरलेल्या, स्वयंसेवकांनी चालवलेल्या संगणकांपैकी साधारणतः तीन संगणकांमधून ती पुढे जाते. प्रत्येक टप्प्यावर एक पापुद्रा निघतो. म्हणून हा कांदा.

हे तंत्र गुन्हेगारांनी शोधले असेल, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती उलट आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत पॉल सायव्हरसन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लाग या शास्त्रज्ञांनी त्याचा पाया घातला. सरकारी कामकाजाची संपर्कसाधने गुप्त राहावीत, हा हेतू होता. पण अशा जाळ्यात फक्त सरकारी माणसेच असतील, तर तेथून येणारा प्रत्येक संदेश सरकारीच ठरेल. मग गुप्तता कसली? गर्दीत लपायचे, तर आधी गर्दी हवी. म्हणून ते सर्वांसाठी खुले करण्यात आले. रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांच्या सहभागाने २००२ मध्ये टॉर प्रत्यक्षात आले आणि २००६ मध्ये त्याचा सांभाळ करणारी ना-नफा संस्था स्थापन झाली.

आठ गैरसमज

पहिला गैरसमज : इंटरनेटचा बहुतांश भाग डार्क वेबच आहे. पाण्यावर हिमनगाचे टोक आणि खाली प्रचंड काळा भाग, असे चित्र पुष्कळांनी मोबाइलवर पाहिले असेल. 'नव्वद टक्के इंटरनेट अंधारात आहे' असे त्याखाली लिहिलेले असते. या कल्पनेचे मूळ मायकेल बर्गमन यांनी २००१ च्या सुमारास केलेल्या एका अभ्यासात सापडते. शोधयंत्रांना न दिसणारा भाग दिसणाऱ्या भागाच्या चारशे ते साडेपाचशे पट आहे, असा त्यांचा अंदाज होता. पण ते बोलत होते डीप वेबविषयी. त्यांच्या यादीत सर्वांत मोठे साठे होते ते हवामानाच्या नोंदींचे आणि नासाकडील पृथ्वी-निरीक्षणांचे. म्हणजे पर्जन्यमानाच्या तक्त्यांना लोकांनी गुन्हेगारांचे पाताळ ठरवले! डार्क वेब प्रत्यक्षात फार लहान आहे. टॉर वापरणारे बहुसंख्य लोकही तेथून नेहमीचीच संकेतस्थळे पाहतात. डॉट ऑनियन पत्त्यांकडे जाणारी वाहतूक त्यातला अगदी थोडा अंश असते.

दुसरा गैरसमज : टॉर वापरणे हाच गुन्हा आहे. भारतात असा कायदा नाही. चाकू घरात असणे गुन्हा नाही, त्याने वार करणे गुन्हा आहे. अमली पदार्थ मागवले, तर १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा लागतो. दुसऱ्याची ओळख चोरून वापरली, तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चे कलम ६६ क लागते. बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रफीत नुसती शोधून पाहिली, तरी कलम ६७ ब लागते. गुन्हा कृतीत असतो, साधनात नव्हे. तरीही आम्ही स्पष्ट सांगतो : शाळकरी मुलाला टॉरची गरज नाही आणि केवळ कुतूहल म्हणून तिकडे जाऊ नये. कायद्याने बंदी नसलेली प्रत्येक गोष्ट हिताची असतेच असे नाही.

तिसरा गैरसमज : तेथे फक्त वाईटच असते. फेसबुकने २०१४ मध्ये, 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१७ मध्ये आणि बीबीसीने २०१९ मध्ये टॉरवर आपले पत्ते उघडले. ज्या देशांत बातम्यांवर बंदी आहे, तेथील वाचकांना त्या वाचता याव्यात, हा उद्देश. भ्रष्टाचार उघड करणारा कर्मचारी आपले नाव लपवून पत्रकारापर्यंत कागद पोहोचवतो, तोही याच वाटेने. आपल्या इतिहासाला हे अपरिचित नाही. १९४२ च्या लढ्यात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. ऑगस्टमध्ये सुरू झालेला तो आवाज नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी पकडला. सत्तेच्या लेखी तो गुन्हा होता. १९३० मध्ये लष्करी कायदा भोगलेल्या सोलापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. ज्याच्या हाती सत्ता नाही, त्याला कधी कधी पडद्याचा आधार लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले, त्यामागेही माणसाच्या प्रतिष्ठेचाच विचार आहे.

चौथा गैरसमज : तेथील गुन्हेगार कधीच सापडत नाहीत. २०११ मध्ये सुरू झालेला 'सिल्क रोड' हा अमली पदार्थांचा मोठा बाजार. त्याचा चालक रॉस उलब्रिक्ट १ ऑक्टोबर २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात संगणक उघडा असतानाच पकडला गेला. सुरुवातीच्या काळात त्याने एका मंचावर स्वतःच्या नावाचा ईमेल पत्ता दिला होता. तोच धागा ठरला. २०१५ मध्ये त्याला जन्मठेप झाली. पुढे जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली, तो निराळा विषय. 'अल्फाबे' या त्याहून मोठ्या बाजाराचा चालक २०१७ मध्ये बँकॉकमध्ये सापडला, तोही जुन्या ईमेल पत्त्यामुळे. त्याच वेळी डच पोलिसांनी 'हान्सा' नावाचा बाजार ताब्यात घेऊन सुमारे महिनाभर गुपचूप स्वतःच चालवला. अल्फाबे बंद होताच तेथील ग्राहक हान्साकडे धावले आणि आपले पत्ते स्वतःहून पोलिसांच्या हाती देऊन बसले! भारतातही जून २०२३ मध्ये अमली पदार्थ नियंत्रण विभागाने डार्क वेबवरून चालणारे एलएसडीचे जाळे उघडकीस आणले. दोन प्रकरणांत सुमारे १५ हजार कागदी तुकडे जप्त झाले आणि सहा जणांना अटक झाली. जाळे कितीही गुप्त असो, पार्सल शेवटी कोणाच्या तरी खऱ्या दारावरच येते.

पाचवा गैरसमज : बिटकॉइनचा माग लागत नाही. बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार एका सार्वजनिक खातेवहीत कायमचा नोंदला जातो. नाव लिहिलेले नसते, पण वाट दिसते. दक्षिण कोरियातून चालणारे बालकांच्या शोषणाचे एक संकेतस्थळ याच वाटेने सापडले. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या माहितीनुसार ३८ देशांत ३३७ जणांना अटक झाली आणि किमान २३ बालकांची सुटका झाली. या बालकांसाठी ती खातेवहीच मुक्तीची वाट ठरली.

सहावा गैरसमज : तेथे थेट प्रक्षेपण करून माणसांचा छळ दाखवला जातो. मुले या 'लाल खोल्यां'च्या गोष्टी रात्री वसतिगृहात एकमेकांना सांगतात, हे आम्हाला ठाऊक आहे. टॉरमधून माहिती अनेक टप्पे घेत जात असल्याने तिची गती मंद असते. थेट चित्रफितीला ती वाट सोयीची नाही. तेथील 'लाल खोल्या', भाडोत्री मारेकरी आणि दुप्पट पैशांच्या योजना यांपैकी बहुतेक प्रकार येणाऱ्याच्याच खिशातले पैसे काढण्याचे सापळे असतात. जेथे विक्रेत्याचे नाव नाही, तेथे तक्रार कोणाकडे करणार? पूर्वी ओसाड विहिरीतील हडळीच्या गोष्टी सांगत. आता त्यांची जागा या गोष्टींनी घेतली आहे.

सातवा गैरसमज : माझी माहिती तेथे सापडली, म्हणजे मी गुन्ह्यात अडकलो. याच भीतीने आमच्या त्या पालकाला लुबाडले. माहिती फुटणे हा ज्याची माहिती फुटली त्याचा गुन्हा नव्हे. २०२१ मध्ये डॉमिनोज इंडियाच्या सुमारे १८ कोटी मागण्यांचा तपशील डार्क वेबवर आल्याचे वृत्त आले. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'जोकर्स स्टॅश' नावाच्या बाजारात सुमारे १३ लाख बँक कार्डांची माहिती विक्रीस आली. त्यांतील बहुतेक कार्डे भारतीय बँकांची होती. यांतील लाखो लोकांनी डार्क वेबचे नावही ऐकले नसेल. ते सारे आरोपी नाहीत. ते पीडित आहेत.

आठवा गैरसमज : सगळी सायबर फसवणूक डार्क वेबवरच होते. हा समज सर्वांत घातक; कारण त्यामुळे आपण दूरच्या अंधाराकडे पाहत राहतो आणि दारातला चोर सुटतो. याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रातील एका घटनेत आहे.

पुणे, ऑगस्ट २०१८

पुण्याची कॉसमॉस बँक ही देशातील जुन्या आणि मोठ्या सहकारी बँकांपैकी एक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएम कार्ड यंत्रात टाकल्यावर 'या खात्यात पैसे आहेत का, द्यावेत का' असा प्रश्न बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जातो आणि तिचे 'होय' आल्यावरच नोटा बाहेर पडतात. चोरांनी बँकेच्या संगणकव्यवस्थेत घातक प्रणाली घुसवून मध्येच एक बनावट दुवा उभा केला. प्रश्न खऱ्या प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हता. बनावट दुवाच प्रत्येक वेळी 'होय' म्हणत होता. तिकडे कार्डांच्या हुबेहूब प्रती घेतलेली माणसे ठिकठिकाणच्या एटीएमसमोर उभी होती. काही तासांतच २८ देशांतून सुमारे १२ हजार व्यवहारांद्वारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढण्यात आले. दोन दिवसांनी, १३ ऑगस्टला, आंतरराष्ट्रीय बँक-संदेश यंत्रणेतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यावर वळवले गेले. एकूण लूट ९४ कोटींवर गेली. भारतातील रोकड ज्या शहरांतून काढली गेली, त्यांत आपले शेजारचे कोल्हापूरही होते.

या घटनेची उकल पाहा. बँकेत घुसणारा हात दूरच्या देशातला असावा, असा निष्कर्ष २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने काढला आणि उत्तर कोरियाकडे बोट दाखवले. पण नोटा मोजून घेणारे हात गल्लीतल्या एटीएमसमोर होते. ते कमिशनच्या मोहाने आलेले सामान्य तरुण होते. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने त्यांपैकी ११ जणांना दोषी ठरवले. मुख्य सूत्रधार पडद्याआड राहिले आणि तुरुंगात गेले ते हे. 'फक्त कार्ड घालून पैसे काढ, तुझा वाटा तुला' असे सांगणारा मित्र असो की 'तुझे बँक खाते थोडे दिवस भाड्याने दे' म्हणणारा ओळखीचा असो, माजी विद्यार्थ्यांनी त्याला ओळखावे. डार्क वेब न पाहताही माणूस त्याचा कामगार होऊ शकतो.

आपल्या जिल्ह्यातही ऑक्टोबर २०२३ मध्ये चिंचोळी औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोन बनवणारा कारखाना मुंबई पोलिसांनी उघडकीस आणला. तो कोणत्याही गूढ जाळ्यात नव्हता; शेकडो कामगार रोज ये-जा करतात, त्याच परिसरात होता. तसेच आमच्या पालकाला लुटणाऱ्याने टॉर वापरले नव्हते. त्याने साधा फोन वापरला होता. 'डार्क वेब' हा शब्द त्याच्यासाठी केवळ बागुलबुवा होता.

पाच व्यापार

उपासकाने कोणते व्यापार करू नयेत, हे तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले आहे : शस्त्रांचा, माणसांचा, मांसाचा, मादक द्रव्यांचा आणि विषाचा. काळ्या बाजारांच्या मालाची यादी पाहिली, तेव्हा आम्ही चकित झालो. शस्त्रे आहेत, माणसांचे शोषण आहे, मादक द्रव्ये आहेत, विषे आहेत. त्यांत फक्त चोरलेल्या माहितीची भर पडली आहे. तंत्र नवे, तृष्णा जुनीच. म्हणून उपायही केवळ तांत्रिक असू शकत नाही. सम्यक आजीविकेचा संस्कार ज्या मुलावर झाला, त्याच्या हाती कोणतेही साधन दिले तरी चिंता कमी. आणि तो झाला नसेल, तर साधा फोनही पुरेसा धोकादायक आहे.

पालकांनी आणि मुलांनी काय करावे?

पहिली गोष्ट, 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकार भारतीय कायद्यात नाही. कोणताही पोलीस अधिकारी, न्यायाधीश वा सरकारी विभाग व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि चौकशीसाठी पैसे मागत नाही. असा फोन आला, तर तो बंद करावा.

दुसरी, पैसे गेले असल्यास तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पहिले काही तास मोलाचे असतात. तेवढ्यात रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येते. आमच्या त्या पालकाने तीन दिवस मौन पाळले, म्हणून तक्रार करूनही त्यांचे पैसे हाती लागले नाहीत. चोराने घातलेली सर्वांत मोठी अट 'कोणाला सांगू नका' हीच असते, हे लक्षात ठेवावे.

तिसरी, आधारची छायाप्रत सर्वत्र वाटू नये. पहिले आठ आकडे झाकलेले 'मास्क्ड आधार' विनामूल्य मिळते. बोटांचे ठसे व डोळ्यांची ओळख यांना एमआधार ॲपवरून कुलूप लावता येते. ईमेल, बँक आणि समाजमाध्यमे यांचे पासवर्ड वेगवेगळे ठेवावेत. एक फुटला तरी बाकीचे वाचतात. पासवर्डसोबत दुसरी पडताळणीही सुरू ठेवावी.

चौथी, आणि आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी. एखाद्या मुलीचे वा मुलाचे छायाचित्र दाखवून कोणी धमकावत असेल, तर त्या मुलाला रागावू नये. अशा वेळी मूल आधीच अपराधी भावनेने दबलेले असते. बालकांसाठीचा १०९८ हा क्रमांक उपलब्ध आहे. अठरा वर्षांखालील मुलांची अशी छायाचित्रे प्रमुख समाजमाध्यमांवरून हटवण्यास मदत करणारी 'टेक इट डाऊन' ही विनामूल्य सेवा २०२३ पासून सुरू आहे. त्यासाठी छायाचित्र कोणाकडेही पाठवावे लागत नाही. मूल सर्वप्रथम आपल्याकडे येईल, एवढा विश्वास घरात आणि वसतिगृहात असणे, हे सर्वांत भक्कम कुलूप होय.

संगणकाचा वर्ग बंद करायचा का?

आता त्या पालकांच्या मागणीकडे वळू. 'पोरीला कॉम्प्युटरच्या वर्गातनं काढा' ही मागणी त्यांच्या मायेतून आली होती. तिचा आम्ही अनादर केला नाही. पण ती मान्यही केली नाही.

बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये वसतिगृह उघडले, ते याच सोलापुरात. खेड्यापाड्यांतील अस्पृश्य मुलांना हायस्कूलचे शिक्षण घेता यावे, एवढाच साधा हेतू होता. त्या काळीही शिकायला गेलेला पोरगा बिघडेल, शहरात हरवेल, अशी भीती दाखवणारे लोक होतेच. त्या आईबापांनी भीतीचे ऐकले असते, तर आज आपण ही स्मरणिका वाचत नसतो. ज्ञानाच्या दारावर पहारा पूर्वी दुसऱ्यांनी बसवला होता. आता भीतीपोटी आपणच आपल्या मुलींसाठी तो बसवायचा का? अंधाराविषयी अज्ञान बाळगल्याने अंधार कमी होत नाही. ज्या मुलीला टॉर म्हणजे काय, पासवर्ड कसा फुटतो आणि १९३० क्रमांक कशासाठी आहे हे ठाऊक आहे, ती स्वतः तर फसत नाहीच. बापालाही फसू देत नाही.

आम्ही त्या पालकांना दुसऱ्या दिवशी थांबवून घेतले आणि त्यांच्या मुलीलाच त्यांच्याशेजारी बसवून ही माहिती समजावली. ती त्यांना म्हणाली, "बाबा, पुढच्या खेपेला असा फोन आला, तर आधी मला फोन लावा." ते काही वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "राहू द्या सर तिला वर्गात." गेलेले पैसे परत आले नाहीत, बचतगटाचे हप्ते ते आजही फेडत आहेत. ती मुलगी आज दहावीत आहे आणि संगणकाच्या वर्गात पहिल्या बाकावर बसते.

या प्रसंगानंतर दर महिन्याच्या पालकसभेत अर्धा तास याच विषयासाठी राखून ठेवण्याचे आम्ही ठरवले आहे. बँका, पोलीस दल आणि माहिती तंत्रज्ञान क्षेत्रांत काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, वर्षातून एकदा तरी शाळेत यावे आणि हा अर्धा तास आपण घ्यावा. आपल्याला या वास्तूने जे दिले, त्याची परतफेड देणगीच्या पावतीनेच व्हावी असे नाही. एखाद्या घरातील कष्टाची कमाई वाचली, तरी ते दानच आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!